आईच्या नावाचे इस्पितळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपण एखाद्या स्त्रीचे स्मरण करतो. यंदा कोणाविषयी बोलणार असे कार्यकारिणीने मला विचारले, तेव्हा मी श्रीमती नर्गिस दत्त ह्यांचे नाव सांगितले. एकदोघींनी एकमेकींकडे पाहिले. सिनेमातल्या नटीचा आणि आपल्या मंडळाचा काय संबंध, असे त्यांच्या मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. पण मला आज नटीविषयी थोडे आणि आईविषयी पुष्कळ बोलायचे आहे. त्या आईच्या मरणानंतर जे काम उभे राहिले, ते तर थेट आपल्यासारख्या बायकांसाठीच उभे राहिले आहे. म्हणून शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढी विनंती.

नर्गिसबाईंचा जन्म 1929 सालचा. त्यांच्या आई जद्दनबाई ह्या नामांकित गायिका. त्या काळी बाईमाणसाने चित्रपट काढणे ही गोष्ट विरळाच, पण जद्दनबाईंनी स्वतःची चित्रसंस्था चालविली. मुलगी पाचसहा वर्षांची असतानाच पडद्यावर आली आणि 1943 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मेहबूब खान ह्यांच्या ‘तकदीर’मध्ये नायिका झाली. 1949 साली जद्दनबाई गेल्या. वयाच्या विसाव्या वर्षी आईचे छत्र हरपले, तरी अंगावरचे काम आणि घरची जबाबदारी काही थांबत नाही. हे ज्या भोगतात त्यांना सांगायला नको.

पुढे 1957 साली ‘मदर इंडिया’ आला. तो पाहिला नाही अशी आपल्यात कोणी नसेल, निदान त्याचे नाव तरी सर्वांनी ऐकलेच आहे. त्यातली राधा नव्या नवरीपासून पांढऱ्या केसांच्या म्हातारीपर्यंत आपण पाहतो. खांद्यावर नांगर घेऊन ती शेत ओढते, पोटच्या पोरांना वाढविते आणि अखेर गावच्या लेकीची अब्रू वाचविण्यासाठी स्वतःच्याच मुलावर बंदूक झाडते. ही भूमिका केली तेव्हा नर्गिसबाईंचे वय होते अवघे सत्तावीस-अठ्ठावीस, आणि त्या स्वतः अजून आई झालेल्या नव्हत्या. ह्याच चित्रपटाच्या चित्रीकरणात गुजरातेत गवताच्या गंजींना लावलेली आग वाऱ्याने पसरली. आत सापडलेल्या नर्गिसबाईंना सुनील दत्त ह्यांनी ज्वाळांत शिरून बाहेर काढले. दत्त भाजले, आणि त्यांच्या शुश्रूषेला नर्गिसबाई बसल्या. पडद्यावर ते त्यांचे मायलेक होते. 11 मार्च 1958 रोजी ते पतिपत्नी झाले.

आता येथून खरी हकीगत सुरू होते. लग्न झाले तेव्हा त्या कीर्तीच्या शिखरावर होत्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. ‘मदर इंडिया’साठी कार्लोव्ही व्हारीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला तोही 1958 सालीच. अशा वेळी बहुतेकांना वाटते, आता चार पैसे आणखी मिळवावेत, आणखी नाव करावे. नर्गिसबाईंनी मात्र जवळजवळ सारे कामच आवरते घेतले. लग्नानंतर त्यांचा उल्लेख करण्याजोगा चित्रपट एकच, 1967 सालचा ‘रात और दिन’. त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तेथेच त्यांनी पडद्याचा निरोप घेतला. घरात तीन मुले होती : 1959 साली संजय, 1962 साली नम्रता आणि 1966 साली प्रिया.

घर म्हणजे चार भिंती नव्हेत, हे मात्र त्यांनी जाणले होते. सुनील दत्त ह्यांच्या बरोबरीने त्यांनी अजंठा आर्ट्स ह्या कलापथकातून नामवंत कलावंतांना सरहद्दीवर नेले आणि जवानांपुढे कार्यक्रम केले. 1972 साली मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली, तिच्या पहिल्या आश्रयदात्या नर्गिसबाई होत्या. अशा मुलांना त्या काळी घराच्या आतल्या खोलीत ठेवीत. पाहुणे आले की दार लोटून घेत. त्या मुलांच्या आयांचा हात धरायला एक प्रसिद्ध बाई पुढे आली, ही गोष्ट लहान नाही. 1980 साली त्या राज्यसभेच्या सभासद झाल्या.

त्याच 1980 साली दुखणे आले. प्रथम दिसली ती कावीळ. कावीळ म्हटली की आपल्याकडे पथ्यपाणी आणि झाडपाला सुरू होतो. ही कावीळ तशी नव्हती. पोटाच्या पिशवीमागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. अन्न पचविणारा रस आणि रक्तातली साखर आवरणारे इन्सुलिन तेथे तयार होते. ह्या ग्रंथीत गाठ झाली आणि तिने पित्ताची वाट अडविली, तर अंग पिवळे पडते. पण ही जागा इतकी आत आहे की गाठ हाताला लागत नाही, आणि लक्षणे दिसू लागतात तोवर रोग बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. नर्गिसबाईंना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता.

सुनील दत्त त्यांना न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग ह्या कर्करोगाच्या इस्पितळात घेऊन गेले. तेथे कित्येक महिने उपचार चालले, शस्त्रक्रिया झाल्या. नवरा उशाशी बसून होता. मुलगा आपल्या पहिल्या चित्रपटात काम करीत होता, तो चित्रपट म्हणजे ‘रॉकी’, आणि दिग्दर्शक खुद्द वडील. आईच्या जिवाला एकच घोर लागला होता, मुलाचे पहिले काम डोळ्यांनी पाहायचे. त्या मुंबईला परत आल्या खऱ्या, पण प्रकृती पुन्हा ढासळली, आणि 3 मे 1981 रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे एक्कावन्न. 7 मे रोजी ‘रॉकी’चा पहिला खेळ झाला, त्या वेळी चित्रपटगृहातली एक खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती.

भगिनींनो, चार दिवसांनी आई हुकली. चारच दिवस! आपल्यातल्या कितीजणींच्या घरी अशी एक रिकामी खुर्ची आहे. कोणाची आई मुलीच्या लग्नाआधी गेली, कोणाची नातवाच्या बारशाआधी. लौकिकाचे माणूस असो वा तुमच्या-आमच्यासारखे, मागे राहिलेल्यांची पोकळी सारखीच.

नर्गिसबाईंची धाकटी मुलगी त्या वेळी चौदा वर्षांची होती. थोरला मुलगा एकवीस वर्षांचा, आणि तो व्यसनात सापडलेला. ही गोष्ट त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितली आहे, म्हणून मीही येथे सांगते. आजारपणात आईने ध्वनिफितीवर बोलून ठेवले होते. ती गेल्यावर काही काळाने, व्यसनमुक्तीच्या उपचारात असताना, मुलाने तो आवाज ऐकला आणि इतके दिवस कोंडलेले रडू तेव्हा फुटले, असे तो सांगतो. आई गेली तेव्हा त्याला रडताही आले नव्हते. अंथरुणाला खिळलेली बाई, अंगात बोलायचे त्राण नाही, तरी मागे राहणाऱ्या लेकरांसाठी आपला आवाज ठेवून जाते. ह्यापरते आईपण ते काय!

पण माझे सांगणे येथे संपत नाही. शोक करून सारेच मोकळे होतात. दत्त कुटुंबाने शोकाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. 1982 साली सुनील दत्त ह्यांनी पत्नीच्या नावाने कर्करोगग्रस्तांच्या मदतीसाठी संस्था काढली. त्याच वर्षी कर्करोगावरचा ‘दर्द का रिश्ता’ हा चित्रपट त्यांनी लोकांपुढे आणला. सातासमुद्रापलीकडे जाऊन उपचार घेणे कितीजणांना परवडणार? आपल्याला मिळाले ते इतरांना इथल्या इथे मिळावे, ही त्या मागची तळमळ.

एका स्त्रीच्या मरणातून इस्पितळ उभे राहण्याची आपल्याकडे ही पहिलीच वेळ नव्हे. मुंबईतील परळचे टाटा इस्पितळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. स्त्रियांच्या चळवळीत आघाडीवर असलेल्या लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी ह्यांच्या मनाला ते इतके लागले, की अशा रोगावरचा उपचार आपल्या देशात झाला पाहिजे ह्या विचाराचे बीज तेथेच पडले. दोराबजीही पुढल्याच वर्षी गेले, पण त्यांच्या नावाच्या निधीतून 1941 साली टाटा स्मारक इस्पितळ उघडले. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तेथे येतात. त्या इमारतीच्या पायात एका बाईचे दुखणे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

परळ मुंबईत आहे. खेड्यातल्या बाईने काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर सोलापूर जिल्ह्यात, भगवंताच्या बार्शीत मिळते. नर्गिसबाई गेल्या त्याच्या पुढल्याच वर्षी तेथे ग्रामीण भागासाठी कर्करोगाचे इस्पितळ सुरू झाले, आणि त्याला नाव मिळाले ‘नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळ’. 1987 साली तेथून एक मोठे काम सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम ह्या तालुक्यांतल्या गावोगावी कोणाला कर्करोग झाला ह्याची शिस्तशीर नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. खेड्यांतली अशी नोंद भारतात प्रथम तेथेच झाली.

नोंद करायला गेलेल्या कार्यकर्त्यांना काय दिसले? बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग फार, आणि बाई डॉक्टरकडे येते ती पार उशिरा. तिला त्रास होत नव्हता असे नाही. अंगावरून जात होते, ती कोणाला बोलली नव्हती. सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची भीती, आणि स्वतःशी एकच समजूत, बाईच्या जातीला हे चालायचेच. कार्यकर्ते नुसती नोंद करून थांबले नाहीत. गावात बायकांना जमवून कोणती लक्षणे दिसली तर उशीर करू नये, हे त्यांनी समजावून सांगितले. औषध नाही, यंत्र नाही, केवळ बोलणे! आणि पुढच्या काही वर्षांत असे आढळले, की ह्या भागातल्या बायका पूर्वीपेक्षा रोगाच्या आधीच्या पायरीवर येऊ लागल्या आणि जास्त जगू लागल्या.

हे मी आपल्या मंडळाला मुद्दाम सांगते आहे. बोलणे हे आपले भांडवल आहे. बायका जमल्या की नुसत्या बोलतात, असा टोमणा आपण जन्मभर ऐकतो. बार्शीकडच्या गावांत त्या बोलण्याने जीव वाचले.

त्याही पुढची एक हकीगत. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता धाराशिव म्हणतात, बार्शीच्या ह्या इस्पितळाने, टाटा स्मारक केंद्राने आणि एका आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून एक मोठी पाहणी केली. 2000 ते 2003 ह्या काळात तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर निरोगी स्त्रियांची त्यात नोंद झाली. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या देऊ केल्या. चौथ्या गटातल्या बायकांना नेहमीप्रमाणे राहू दिले.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शिरला की लगेच कर्करोग होतो असे नाही. बहुतेकजणींचे शरीर त्याला आपोआप घालवून देते. एखादीच्या अंगात तो ठाण मांडतो, तेव्हाही रोग व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे आपल्याला पुष्कळ अवधी असतो, फक्त पाहायला हवे. एका गटात ह्या विषाणूची तपासणी, जन्मात एकदाच, केली. दोष आढळला तर दुर्बिणीने नीट पाहिले आणि जरूर तेथे उपचार केले. आठ वर्षांनी हिशेब झाला. ज्या गटात ही तपासणी देऊ केली तेथे चौतीस हजार स्त्रियांमागे ह्या रोगाने 34 मृत्यू झाले. ज्या गटात काहीच केले नव्हते तेथे साडेएकतीस हजारांमागे 64. ह्याचा अहवाल 2009 साली अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला.

चौसष्टातून चौतीस गेले तर तीस उरतात. तीस हा आकडा आपल्याला लहान वाटेल. पण तीस घरांत संध्याकाळी चूल पेटवायला आई होती, असे म्हटले म्हणजे तो लहान राहत नाही. परांडा-भूमकडच्या कोण्या शेतमजूर बाईने न्यूयॉर्क पाहिलेले नाही आणि नर्गिसबाईंचा चित्रपटही कदाचित पाहिला नसेल. पण त्या आईच्या नावाने तिची विचारपूस झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नर्गिसबाईंचे दुखणे निराळे होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाला, घरोघर सर्वांची करावी अशी खात्रीची तपासणी आजही नाही. त्यामुळे ‘वेळीच पाहिले असते तर’ असे म्हणून आपण कोणत्याही घराला बोल लावू नये. ज्यांच्या घरी आई गेली त्यांना आपण नकळत असे टोचून बोलतो. कित्येकदा कोणाचीच कसूर नसते. पण ज्या रोगांना तपासणी आहे, त्यांत आपण स्वस्थ बसलो तर त्याला काय म्हणावे, हे तुम्हीच ठरवा.

आपल्या घरातले पाहा. धाकट्याला कोणते औषध सोसत नाही, सासऱ्यांचा रक्तदाब किती, यजमानांना चष्मा केव्हा बदलला, सारे आईला पाठ. तिचे स्वतःचे काय दुखते हे मात्र तिलाही सांगता येत नाही. श्रावण झाला की बघू, दिवाळी होऊ दे मग बघू, मुलाची परीक्षा होऊ दे मग बघू. सोशिकपणाला आपण फार मोठा मान दिला आहे. त्यागाला मी नावे ठेवीत नाही, पण लेकरांसाठी सर्वस्व सोडणाऱ्या आईने लेकरांना आईच सोडावी लागेल असे करू नये, एवढेच माझे म्हणणे.

तेव्हा आज चार गोष्टी लक्षात ठेवून घरी जावे. पाळी नसताना, पतिसहवासानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर अंगावरून रक्त जाणे, अथवा दुर्गंधी असलेले पांढरे जाणे, हे अंगावर काढू नये. स्तनात गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त किंवा पाणी आले, तर दुखत नाही म्हणून स्वस्थ राहू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा पडला, दोनतीन आठवड्यांत फोड भरला नाही, तर दाखवावे. मिश्री लावणाऱ्या बायकांनी तर विशेष जपावे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायचे औषध नव्हे. आणि काही त्रास नसला तरी तिशी उलटलेल्या बाईने तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख ह्यांची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिची सोय आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीविरुद्ध लस देता येते, त्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तपासणीला जायचे म्हटले की अडचणी निघतात. मूल कोणाकडे ठेवायचे, पुरुष डॉक्टर असतील का, लोक काय म्हणतील. ह्यासाठीच मंडळ आहे. दोघीदोघींनी जोडीने जावे. एकीचे मूल तिसरीने सांभाळावे. सुनेने सासूला न्यावे आणि सासूने सुनेला. पुढच्या हळदीकुंकवाला वाण लुटताना आपण एकमेकींना एक प्रश्न विचारायचा, ‘बाई, तू जाऊन आलीस का?’ उत्तर ‘नाही’ असले तर रागवायचे नाही, बरोबर जायचे.

आणखी एक. कर्करोग हा शब्द अजून आपण दबक्या आवाजात उच्चारतो. कोणी आजारी पडली तर तिच्याकडे जाण्याचे टाळतो, तिचा पेला वेगळा ठेवतो. हा रोग शिवल्याने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. आजारी बाईला औषध जितके लागते तितकीच माणसे लागतात. तिच्या मुलांची वेणीफणी, डबा, शाळा ह्यांत शेजारणीने हात लावला, तर ती निवांत डोळे मिटून पडू शकते.

नर्गिसबाईंच्या मुली पुढे मोठ्या झाल्या. त्यांनी 2007 साली आईवडिलांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. धाकटी प्रिया, वडिलांच्या निधनानंतर, 2005 साली लोकसभेवर निवडून आली, आणि आईच्या नावाच्या संस्थेचे कामही तिने पुढे चालविले. आईच्या आठवणीचे असे काम होऊ शकते. आपल्याला इस्पितळ बांधता येणार नाही, इतकी आपल्या मंडळाच्या पेटीत शिल्लक नाही, हे चिटणीसबाई हसत सांगतील. पण ज्या ज्या भगिनींच्या आई ह्या रोगाने गेल्या, त्यांनी आईच्या तिथीला एका बाईला तपासणीला न्यावे. पानावर एक वाढप जास्त करतो, तसेच हे.

आरोग्य केंद्रात जाणाऱ्या भगिनींची नावे लिहायला दाराशी वही ठेवली आहे. चहा घेण्यापूर्वी तेवढे करावे, आणि ज्यांची आई येथे आली आहे त्यांनी आपल्या नावाखाली आईचेही नाव लिहावे, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेते.